ट्रेलर आवडला ना? मग आधी धरमकाट्यावर चढवा

गाडीमागे छोटा ट्रेलर लावून कॅम्पिंगला जायचं, या विषयावर यावेळी बरेच प्रश्न आले. त्यातले पाच घेतो. पहिला मोठा आहे म्हणून त्याचं उत्तर पण मोठं, बाकीचे पटापट.

प्रश्न : नमस्कार भाऊ. मी नुकताच रिटायर झालो, डिझेल थार आहे. मी आणि मिसेस दोघंच. दिवाळीनंतर महिना-महिना बाहेर पडायचं ठरवून राहिलो, तामिया-पचमढी, अमरकंटक, बस्तर, जमलं तर पुढे कच्छ. मिसेसचे गुडघे दुखतात त्यामुळे जमिनीवरच्या तंबूत उठबस होत नाही. एका विक्रेत्याने १४०० किलोचा ऑफ-रोड ट्रेलर दाखवला, आत टॉयलेट, किचन, एसी सगळं. भाचा म्हणते मामा काहून पैसे घालवता, हिंगणा एमआयडीसीत चेसिस (खालचा लोखंडी सांगाडा) बनवून घेऊ आणि वर रूफटॉप टेंट, म्हणजे टपावर उघडायचा तंबू, टाकू. कोणाचं ऐकू?
— मानेवाडा, नागपूर

उत्तर : भाऊ, वहिनींच्या गुडघ्यांनी अर्धा निर्णय आधीच करून टाकला आहे. रूफटॉप टेंट ट्रेलरवर टाकला तरी शिडी आलीच, आणि रात्री दोन वाजता अंधारात, दव पडलेल्या शिडीवरून उतरायचं म्हणजे गुडघे राहू द्या, कोणाचंही काम नाही. भाच्याला म्हणा तू झोप वर. तुम्हाला पाहिजे टिअरड्रॉप, म्हणजे थेंबाच्या आकाराचा झोपण्यापुरता छोटा डबा, किंवा त्याचाच चौकोनी भाऊ, स्क्वेअरड्रॉप. दार उघडलं की समोर गादी, आधी बसायचं, मग पाय आत घ्यायचे. किचन मागच्या झाकणाखाली, उभ्यानेच स्वयंपाक. पण एक बघा, ऑफ-रोड म्हणून मोठी चाकं लावली की हीच गादी कमरेपर्यंत चढते आणि मग स्टूल घेऊन फिरावं लागतं. म्हणून बघायला जाताना वहिनींना सोबत न्या, चपला काढून दोन-चारदा आत-बाहेर करायला लावा, विक्रेता तोंड वाकडं करेल तर करू द्या.

आता तो १४०० किलोवाला. तो नको. १४०० हे रिकामं वजन आहे, त्यात पाणी, गॅस, किराणा, कपडे भरले की १७००च्या वर गेला समजा, म्हणजे जवळपास तुमच्या थारएवढीच दुसरी थार मागून ढकलून राहिली, आणि पचमढीचा घाट उतरताना ती खरंच ढकलते. टॉर्क भरपूर आहे, आरामात ओढते असं विक्रेता सांगतो, तो चढावाचं बोलतो, उताराचं कोणी बोलत नाही. ओढणं इंजिनचं काम आहे, थांबवणं ब्रेकचं. गाडी किती ओढू शकते ते ओनर्स मॅन्युअलमध्ये बघा, तिथे आकडा नसेल तर कंपनीकडून लेखी मागा. परदेशातले आकडे उचलू नका. मारुतीच्या जिम्नी गाडीचंच उदाहरण घ्या, ऑस्ट्रेलियात तिला १३०० किलो ओढायची परवानगी आहे हे सगळे छाती ठोकून सांगतात, पण ते ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतील तर, ब्रेक नसतील तर त्याच गाडीला तिथे फक्त ३५० किलो आहेत, हे दुसरं वाक्य कोणी सांगत नाही.

माझं म्हणणं असं की निवड उलट्या बाजूने करा. आधी ट्रेलर बघून मग सामान बसवू नका, आधी सामानाचं वजन करा. तुमच्यासाठी भरलेलं वजन ७५० किलोच्या आत ठेवा. आपल्याकडे नियमांत ट्रेलरची पहिली, सगळ्यात हलकी वर्गवारी ७५० किलोपर्यंतच आहे आणि युरोप-ऑस्ट्रेलियातही ब्रेकशिवायच्या ट्रेलरची वरची मर्यादा तीच. आता जोडा. पाणी ८० लिटर म्हणजे ८० किलो, त्यात सूट नाही. फ्रिज आणि त्यातलं सामान मिळून ४०-४५. लिथियम बॅटरी १२-१३, सोलर पॅनल तेवढंच. पाच किलोचं छोटं सिलिंडर भरलेलं साधारण १२. स्टेपनी २०-२२, जॅक-पाने-दोर मिळून ३५, गादी-पांघरूण २०, कपडे ३०, किराणा ३०, भांडी-शेगडी २५, खुर्च्या-टेबल १५, बाजूला ओढायची ताडपत्री १५, डिझेलची २० लिटरची कॅन १७. झाले ना साडेतीनशेच्या वर? म्हणजे ट्रेलर रिकामा ३८०-४०० किलोपेक्षा जड चालणारच नाही. एवढा एक आकडा डोक्यात ठेवला की बाजारातले अर्धे ट्रेलर आपोआप बाद होतात, टॉयलेटवाला पण, एसीवाला पण. टॉयलेटसाठी घडीचा कमोड आणि छोटा उभा तंबू मिळतो, दोन्ही मिळून एका स्टेपनीपेक्षा हलके.

आणि ब्रोशरमधल्या वजनावर विश्वास ठेवायचा नाही. कळमन्याकडे धरमकाटे, म्हणजे अख्खा ट्रक तोलायचे काटे, आहेत, तुमच्या वाटेत असेल त्याच्यावर चढवा, पावती घ्या. एकदा रिकामा, एकदा पूर्ण भरून. जो विक्रेता काट्यावर यायला कां-कूं करतो त्याला तिथूनच नमस्कार.

दुसरं वजन नाकाचं, म्हणजे ट्रेलर गाडीच्या हुकवर किती भार टाकते ते. ते एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास पाहिजे, ७५० ला ७५ किलो. कमी पडलं की स्पीडला ट्रेलर शेपूट हलवायला लागते, समृद्धीवर बाजूचा वारा आणि शेजारून जाणारा ट्रक एकत्र आले की हे फार वाईट दिसतं. जास्त झालं की गाडीचं मागचं बसतं, पुढची चाकं हलकी होतात. धरमकाटा पाच-दहा किलोचे टप्पे दाखवते म्हणून नाकासाठी तो कामाचा नाही, धान्याच्या दुकानातला पोती मोजायचा प्लॅटफॉर्म काटा घ्या, ट्रेलर सपाट जमिनीवर हुकच्याच उंचीला ठेवा आणि नाकाखाली लाकडाचा ठोकळा लावून काट्यावर टेकवा. टिअरड्रॉपमध्ये एक मेख आहे, किचन मागे असल्यामुळे फ्रिज, सिलिंडर, भांडी, सगळं एक्सलच्या मागे जातं. शोरूममध्ये रिकाम्या ट्रेलरचं नाक एकदम बरोबर भरते, घरी भरल्यावर शेपूट जड. म्हणून बॅटरी आणि हत्यारांची पेटी पुढे हुककडे जाणाऱ्या दांड्यावर, पाण्याची टाकी एक्सलच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे, आणि मागच्या बाजूला स्टेपनी-सायकली लटकवायच्या नाहीत, दिसायला कितीही भारी दिसू द्या.

सस्पेन्शन. हल्ली सगळे स्वतंत्र सस्पेन्शन (दोन्ही चाकं आपापली वर-खाली होतात ते), ट्रेलिंग आर्म, कॉइल स्प्रिंग याच्याच गोष्टी करतात. चांगलं असतं, खराब रस्त्यावर डब्यातली अंडी पण शाबूत राहतात. पण कोंडागावच्या पुढे कुठे आर्मचं बुश, म्हणजे सांध्यातलं रबर, गेलं तर? ते तिथे मिळणार नाही. पाट्याचं सस्पेन्शन, कमानी, ती कोणत्याही तहसिलीच्या गावी मिळते, पाटा तुटला तर संध्याकाळपर्यंत माणूस बसवून देते. महिना-महिना फिरणाऱ्या माणसाला मी कमानीच सांगेन, फक्त शॉकअप लावून घ्या आणि पाटे ७५० किलोच्या हिशोबाचे घ्या. फॅब्रिकेटर हौसेने दोन टनाचे पाटे टाकून देतात, मजबूत म्हणून, आणि मग ट्रेलर खड्ड्यातून चालत नाही, उडते.

चाकं गाडीचीच. म्हणजे टायरची साइज, रिम, नटांची जागा, सगळं थारचं, म्हणजे एक स्टेपनी दोघांना चालते. दोन्ही चाकांमधलं अंतर पण गाडीएवढंच ठेवायला सांगा, कच्च्या रस्त्यावर गाडीने पाडलेल्या चाकोरीतच ट्रेलर आला पाहिजे, नाहीतर त्याचं एक चाक कायम बांधावर आणि तुम्ही कायम आरशात. टायर आणि मडगार्डमध्ये चांगली पंजाभर जागा ठेवा. आपली काळी माती ओली झाली की टायरला थर चढत जातो, जागा कमी असली की मडगार्डखाली गच्च बसतो आणि चाक फिरायचं बंद होऊन नुसतं घासत जातं. पांदण रस्त्याने बैलबंडी नेलेल्या कोणालाही विचारा.

हुकसाठी साधा ५० मिलिमीटरचा बॉल हायवेला उत्तम, पण गाडी खड्ड्यात आणि ट्रेलर चढावर असा मोठा कोन आला की त्याची हद्द संपते. सगळ्या दिशांना फिरणारं ऑफ-रोड कपलिंग घ्या, आणि ते चेसिसला कसं जोडलंय ते स्वतः वाकून बघा. सेफ्टी चेन दोन, खालून क्रॉस करून. ट्रेलर ७५० च्या आत असला तरी त्याला ब्रेक बसवाच. दोन प्रकार असतात, एक इलेक्ट्रिक, ज्याचा कंट्रोलर ड्रायव्हरजवळ राहते, दुसरा ओव्हररन, म्हणजे गाडी हळू झाली की ट्रेलर पुढे रेटतो आणि त्याच रेट्याने त्याचे ब्रेक लागतात. इलेक्ट्रिक जास्त ताब्यात राहतो हे खरं, पण तुमच्या वजनाला आणि तुमच्या वाटांना मी ओव्हररन घेईन, वायरिंग नाही, हँडब्रेक सोबत येतो, आणि बिघडला तर लोखंडाचं काम करणाऱ्याला तो समजतो. रिव्हर्स घेताना तो लॉक होऊ नये याची सोय आहे का तेवढं विचारा.

भाच्याचं अर्धं बरोबर आहे हं. हिंगण्याला चेसिस चांगली बनू शकते, गॅल्व्हनाइज करून घेतली तर पावसाळेही काढते. पण खालचा पासिंगचा प्रश्न वाचल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका.

निघाल्यावर एकच सवय लावा. पहिल्या चहाला, समजा देवलापारला थांबलात, की ट्रेलरच्या दोन्ही हबवर, म्हणजे चाकाच्या मधोमध, हात ठेवा. कोमट असलं तर ठीक. हात ठेववत नसेल तर बेअरिंग जाऊन राहिलं किंवा ब्रेक चिकटला. एक बाजू थंड आणि एक गरम, तरीही तेच. बेअरिंगचा एक सेट, ऑइल सील आणि ग्रीसचा डबा सोबत ठेवायचाच, आणि बेअरिंगचा नंबर मोबाइलमध्ये नाही, झाकणाच्या आत मार्करने लिहून ठेवा.

प्रश्न : मे महिन्यात कॅम्पिंग करायचं म्हटलं की घरचे हसतात. ट्रेलरमध्ये एसी चालवायला किती बॅटरी लागेल? सोलरवर होईल का?
— मनीषनगर, नागपूर

उत्तर : घरचे बरोबर हसतात. २०१३च्या मे मध्ये आपल्याकडे ४७.९ डिग्री झालं होतं (२०२४ ला ५६ चा जो आकडा फिरला तो सेन्सरचा घोळ होता, ते सोडा). हिशोब सांगतो. १०० अँपिअर-अवरची १२ व्होल्ट लिथियम बॅटरी म्हणजे साधारण १२८० वॉट-अवर. पाऊण टनाचा एसी ८०० वॉटच्या आसपास घेते, म्हणजे इन्व्हर्टरचं नुकसान धरून सव्वा-दीड तासात बॅटरी झोपली. कॉम्प्रेसर बंद-चालू होते धरलं तरी अख्ख्या रात्रीला अशा चार बॅटऱ्या, आणि दुसऱ्या दिवशी त्या भरायला २०० वॉटचे सहा-सात पॅनल. ट्रेलरच्या छतावर दोनच मावतात. तरी एसीच पाहिजे तर लाइटचा पॉइंट असलेल्या कॅम्पसाइटवरच जा, बॅटरीचा विषय संपला.

नागपूरच्या माणसाने कूलर विसरायचा नाही ना! आपला उन्हाळा कोरडा, कूलरला याच्यापेक्षा चांगली हवा कुठली. १२ व्होल्टचा छोटा कूलर पंखा-पंप धरून ५० वॉटच्या आसपास, रात्रभर चालला तरी एक बॅटरी अर्धी पण होत नाही. तो आत ठेवायचा नाही, बाहेर स्टूलवर ठेवून खिडकीतून हवा आत आणि समोरची खिडकी चार बोटं उघडी, नाहीतर आत दमट होऊन जीव गुदमरते. रात्रीला बादलीभर पाणी जास्तीचं धरा. मृगाचा पाऊस पडला की कूलर बंद, तेव्हा नुसता पंखा. आणि लिथियम बॅटरी उन्हात तापलेल्या बंद पत्र्याच्या पेटीत ठेवू नका, फार तापली की तिचं सर्किट स्वतःच चार्जिंग बंद करते आणि लोक बॅटरी खराब निघाली म्हणून दुकानात भांडायला जातात.

प्रश्न : फ्लॅट स्कीममध्ये राहतो, पार्किंग एकच. फॅब्रिकेटर म्हणाला की छोट्या ट्रेलरला पासिंग लागत नाही, गाडीचा नंबर मागे लिहिला की झालं. खरं का?
— वर्धा रोड, नागपूर

उत्तर : खरं नाही. मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये मोटार वाहनाच्या व्याख्येतच ट्रेलर धरला आहे, म्हणजे त्याची स्वतंत्र नोंदणी आली. गाडीचा नंबर मागे लिहायचा हे त्याचं अर्धवट ऐकलेलं आहे. कायद्याप्रमाणे ट्रेलरचा स्वतःचा नंबर त्याच्या बाजूला पाहिजे आणि शिवाय ओढणाऱ्या गाडीचा नंबर मागे पाहिजे. दोन्ही. तुमची गाडी एमएच ३१ असो की ४९ की ग्रामीणची ४०, याच्यात फरक नाही.

बनवणाऱ्याने त्या मॉडेलचा नमुना वाहनं तपासणाऱ्या एआरएआयसारख्या मान्य संस्थेकडून पास करून घेतलेला असावा लागतो. त्याचं सर्टिफिकेट, फॉर्म २१ म्हणजे विक्रीचा दाखला, आणि फॉर्म २२ म्हणजे वाहन रस्त्यायोग्य असल्याचा बनवणाऱ्याचा दाखला, हे मागा. हे देऊ शकत नसेल तर त्याने कितीही सुंदर वेल्डिंग केलेलं असू द्या, तो ट्रेलर शेतात ठेवायची वस्तू आहे. इन्शुरन्सही ट्रेलरचा वेगळा काढा, गाडीच्या पॉलिसीत तो आपोआप येतो असं धरून चालू नका. टो-हुक गाडीला लावायच्या आधीही इन्शुरन्सवाल्याला आणि आरटीओला विचारून घ्या, नंतर क्लेमच्या वेळी विचारलं तर त्यांचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही.

पार्किंगचं म्हणाल तर सोसायटीची परवानगी लेखी घ्या, तोंडी होकार पुढच्या मीटिंगपर्यंतच टिकते. नाहीतर कोणा नातेवाइकाचा ले-आउटमधला रिकामा प्लॉट बघा, पण उघड्यावर ठेवणार असाल तर प्लायवूडचा डबा घेऊ नका, आपल्याकडे उधई (वाळवी) सोडत नाही. ॲल्युमिनियम किंवा फायबरचा घ्या. महिनोन्‌महिने उभा राहणार असेल तर एक्सलखाली जॅकस्टँड लावा आणि टायर झाका.

प्रश्न : दादा, मी गाडी चांगली चालवते पण मैत्रिणीचा ट्रेलर मागे घ्यायला गेले तर तो भलतीकडेच वळला आणि सगळे बघत उभे. काही युक्ती?
— वर्धा

उत्तर : ताई, आहे. हात स्टिअरिंगच्या अगदी खालच्या बाजूला धरा. आता ट्रेलरचं बूड ज्या बाजूला न्यायचं त्याच बाजूला हात सरकवा. डावीकडे न्यायचं, हात डावीकडे. डोक्याने उलटं-सुलटं करायची गरजच उरत नाही. छोटा ट्रेलर मोठ्यापेक्षा अवघड असतो हे लोकांना पटत नाही, पण त्याचा दांडा आखूड असल्यामुळे तो पटकन काटकोनात दुमडतो. दुमडायला लागला की दुरुस्त करत बसायचं नाही, थांबायचं, सरळ पुढे जायचं, पुन्हा सुरू. विकत घेताना दांडा थोडा लांब असलेला घ्या. सकाळी लवकर एखाद्या रिकाम्या ले-आउटमध्ये दोन विटा ठेवून प्रॅक्टिस करा, बघे नसतात.

आणि ६००-७०० किलोचा ट्रेलर सपाट, कडक जमिनीवर गाडीपासून सोडून, पुढच्या छोट्या चाकावर दोघी मिळून ढकलता येतो. चाकाला दगड तयार ठेवायचा, उतार असेल तर हा उद्योग करायचा नाही.

प्रश्न : ट्रेलर धूळ-पाणी काही आत येऊ देत नाही असा सील केलेला आहे. मग पावसाळ्यात रपट्यावरून, म्हणजे नाल्यावरच्या बुटक्या पुलावरून, नेता येईल ना? आणि जंगलात कुठेही मुक्काम चालतो का?
— भंडारा

उत्तर : सील आहे म्हणूनच न्यायचा नाही. डबा दोन मीटर लांब, सव्वा मीटर रुंद धरा. तळ पाण्याला लागल्यापासून पुढे दर १० सेंटीमीटर पाण्याला तो २५० किलोने उचलला जातो. ३० सेंटीमीटर म्हणजे ७५० किलो, अख्खा भरलेला ट्रेलर तरंगला, आणि रपट्यावरचा प्रवाह त्याला बाजूला नेतो, मागोमाग गाडीचं बूड. पाणी वाहत असेल तर अलीकडेच थांबा, चहा करा, आपल्याकडचे नाले बरेचदा पाऊस थांबला की काही तासांत उतरतात.

जंगलात कुठेही, अजिबात नाही. व्याघ्र प्रकल्पात आणि राखीव जंगलात वनखात्याच्या परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही, ताडोबाचा कोअर (आतला गाभा) तर १ जुलै ते ३० सप्टेंबर बंदच राहतो. बफरच्या, म्हणजे कोअरभोवतीच्या पट्ट्यातल्या, गावांत अधिकृत कॅम्पसाइट असतात, नाहीतर शेतमालकाला विचारून त्याच्या धुऱ्यावर (बांधावर), विहिरीजवळ, बहुतेक लोक नाही म्हणत नाहीत. शेगडी पेटवून दार लावून झोपायचं नाही, थंडी कितीही असो, आणि सिलिंडर झोपायच्या डब्यात ठेवायचं नाही, हा गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली गादीच्या पातळीलाच साचतो.

मार्च-एप्रिलमध्ये मोहाच्या झाडाखाली ट्रेलर लावू नका. फुलं पहाटे पडतात, अस्वलाला ती फार आवडतात, आणि उजाडायच्या आधी गावातल्या बाया टोपल्या घेऊन वेचायला येतात, म्हणजे अस्वल आलं नाही तरी तुम्ही त्यांच्या कामात मधे. सावली पाहिजे तर कडुनिंब बघा.